एसएसडी-रॅम टाकली आणि बॅटरी बॅकअप घटला: दोष कुणाचा, शोधायचा कसा

तक्रार ठरलेली असते. चार-पाच वर्षं जुना, हार्ड डिस्कवर रडतखडत चालणारा लॅपटॉप. नवा घेण्याऐवजी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर चालणारी वेगवान डिस्क) टाका, रॅम वाढवा, असं कुणीतरी सुचवतं. काम होतं, मशीन सुसाट पळायला लागतं आणि आठवड्याभरात दुसरं रडगाणं सुरू होतं: "आधी पाच तास चालायचा, आता पावणेचार तासांतच चार्जर शोधावा लागतो." १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि त्याच्या आगेमागे जुनी मशिनं उघडून घेणारे माझ्या ओळखीत बरेच झाले, त्यामुळे हा प्रश्न सारखाच समोर येतो.

दुकानात उत्तर तयार असतं: "रॅम वाढवली की बॅटरी जास्त खाणारच, साहेब." ऐकायला पटतं, पण बहुतेक वेळा खरं नसतं. नव्या भागाची स्वतःची भूक क्वचितच इतकी मोठी असते. दोनच शक्यता जास्त भेटतात. एक, बॅटरी आधीच म्हातारी झाली होती आणि अपग्रेडच्या निमित्ताने ते लक्षात आलं. दुसरी, नवा भाग किंवा त्यासोबत बदललेलं एखादं सेटिंग बाकीच्या मशीनला झोपू देत नाही. दोन्हींची लक्षणं तंतोतंत सारखी, उपाय मात्र वेगळे. म्हणून काहीही विकत घेण्याआधी किंवा परत उघडण्याआधी मोजून घ्या.

बॅटरी आटली की खर्च वाढला?

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात, व्होल्ट आणि मिलिअँपिअर-अवर, आणि त्यांच्या शेजारी वॅट-अवर. आपल्याला तिसरा हवा. उदाहरणार्थ, ११.४ व्होल्ट आणि ३,६०० मिलिअँपिअर-अवर म्हणजे साधारण ४१ वॅट-अवर. लॅपटॉप सरासरी ८.२ वॅट खात असेल तर ४१ भागिले ८.२, म्हणजे पाच तास.

आता गंमत बघा. बॅटरी झिजून ३१ वॅट-अवरवर आली आणि खर्च तोच ८.२ राहिला, तर मिळतात सुमारे पावणेचार तास. उलट बॅटरी ४१ चीच शाबूत आहे, पण खर्च १०.८ वॅट झाला, तरीही पावणेचार तासच. घड्याळाकडे बघून यातलं काय झालंय ते सांगता येणार नाही. पहिल्या बाबतीत एसएसडीला शिव्या घालून उपयोग नाही, दुसऱ्या बाबतीत नवी बॅटरी घेऊन पैसे फुकट जातात.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' हा हुकूम द्या (अक्षरं अर्थातच इंग्रजीत: powercfg /batteryreport). एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथंच सांगितलं जातं. ती ब्राउझरमध्ये उघडायची. त्यात 'डिझाइन कॅपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कॅपॅसिटी' हे दोन आकडे मिलिवॅट-अवरमध्ये असतात. पहिला आकडा बॅटरी नवी असतानाचा, दुसरा आजचा. ४१,००० च्या समोर ३१,००० दिसले तर निम्मं कोडं तिथंच सुटलं.

एक खाच इथं लक्षात ठेवा. याच रिपोर्टमध्ये खाली कॅपॅसिटीचा आठवड्यावार इतिहास असतो, पण तो विंडोजने जमवलेला असतो. नव्या एसएसडीवर विंडोज कोरं टाकलं असेल तर इतिहासही कोरा. "रिपोर्टमध्ये तर सगळं अपग्रेडनंतरच सुरू झालेलं दिसतंय" असं म्हणून गडबडून जाऊ नका. जुनी हार्ड डिस्क अजून पुसली नसेल, तर पुसण्याआधी तिच्यावरून एकदा मशीन सुरू करून तोच रिपोर्ट काढून ठेवा. बॅटरी कधीपासून उतरणीला लागली ते त्यात स्वच्छ दिसतं. चार्ज सायकलचा आकडा बॅटरीच्या आतल्या चिपकडून येतो, पण कित्येक मॉडेलांत त्या जागी नुसती रेघच दिसते. त्या आकड्यावर फार विसंबू नये.

बॅटरी म्हातारी निघाली तर नव्या बॅटरीविषयी शेवटी लिहिलंय, तिकडे जा. बॅटरी ठणठणीत असेल तर पुढे वाचा.

वॅट मोजा

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात बॅटरीच्या भागात 'चार्ज रेट' दिसतो. चार्जर काढला की तो वजा होतो आणि मशीन या क्षणी किती वॅट खातंय ते कळतं. लिनक्सवाल्यांसाठी पॉवरटॉप आहेच.

पद्धत साधी: चार्जर काढा, पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवा, वायफाय चालू राहू द्या, सगळे प्रोग्राम बंद करा आणि पाच-दहा मिनिटं माउसला हातही लावू नका. मग आकडा वाचा. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला पंधरा इंची लॅपटॉप नुसता बसलेला असताना साधारण चार ते सहा वॅटवर यायला हवा. आठच्या वर अडकून बसला, तर कुणीतरी जागं आहे. नवं विंडोज टाकून दोन-चार दिवसच झाले असतील तर मात्र घाई नको. मागे अपडेट उतरत असतात, फाइलींची सूची बनत असते, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह सगळा जुना माल खाली ओढत असतं. ते निवळू द्या, मग मोजा.

एक जण जागा, सगळे जागे

आजचा प्रोसेसर आपल्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ झोपलेला असतो. तुम्ही हे वाचताय तेव्हाही, दोन स्क्रोलच्या मध्ये, तो डुलक्या काढून घेतोय. या झोपेचे थर असतात, त्यांना सी-स्टेट म्हणतात. नुसते कोअर (प्रोसेसरमधले हिशेब करणारे भाग) झोपले तर बचत थोडी. कोअर, कॅश, मेमरी कंट्रोलर, सगळा संच एकदम गाढ झोपतो ती पॅकेज सी-स्टेट. लॅपटॉपमध्ये सी८, सी१० अशा आकड्यांनी ती दिसते आणि खरी बचत तिथं होते.

पण त्या थरापर्यंत जायला पीसीआय एक्स्प्रेसवर, म्हणजे एसएसडीसारखे भाग प्रोसेसरशी जोडणाऱ्या वाटेवर, लटकलेल्या प्रत्येकाची मान्यता लागते. रात्री घरात एक माणूस अभ्यासाला जागा असला की दिवा, पंखा आणि दाराची कडी सगळ्यांचीच सोय त्याच्या तालावर चालते, तसं. नवी एसएसडी स्वतः भले अर्धा वॅट जास्त खात असेल, पण तिच्या जागं राहण्याने प्रोसेसर वरच्याच थरात अडकला तर एकूण फटका दोन-तीन वॅटचा बसू शकतो. पाच-सहा वॅटवर बसणाऱ्या मशीनला तो फार मोठा.

एचडब्ल्यूइन्फोमध्येच 'पॅकेज सी-स्टेट रेसिडेन्सी'चे, म्हणजे कोणत्या थरात किती वेळ गेला त्याचे, आकडे असतात. मशीन रिकामं बसलेलं असताना सी२ किंवा सी३ लाच बराचसा वेळ आणि सी८ च्या पुढे सगळीकडे शून्य, असं चित्र दिसलं तर खात्रीने समजा की कुणीतरी अडवतंय. कोण, ते शोधायचं.

पहिला संशयित: एनव्हीएमई एसएसडी आणि तिचं सेटिंग

एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसवर चालणाऱ्या, एसएसडीला स्वतःच्या पॉवर स्टेट असतात, पीएस० पासून बहुधा पीएस४ पर्यंत. जोरात लिहिताना ती पाच-सहा वॅटही खाते, पण पीएस४ मध्ये गेली की खर्च काही मिलिवॅटवर येतो. म्हणजे खोक्यावर छापलेल्या वेगापेक्षा ती किती लवकर आणि किती खोल झोपते, यावर बॅकअप ठरतो. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये चौथ्या पिढीची महागडी एसएसडी टाकणारे बरेच भेटतात. वेग तिसऱ्या पिढीचाच मिळतो, तापट कंट्रोलर मात्र चौथ्या पिढीचा पदरात पडतो. जुन्या लॅपटॉपला मध्यम, थंड डोक्याची एसएसडी जास्त शोभते, असं माझं स्पष्ट मत आहे.

एसएसडी झोपत नसेल तर आधी विंडोजचं सेटिंग बघा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'पीसीआय एक्स्प्रेस' आणि त्याखाली 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट'. 'ऑन बॅटरी'समोर 'मॅक्सिमम पॉवर सेव्हिंग्ज' हवं. तिथं 'ऑफ' असेल तर एसएसडीची तार कायम ताणलेली राहते. हे ऑफ होतं कसं? कुणीतरी "वेग वाढेल" म्हणून 'हाय परफॉर्मन्स' प्लॅन लावलेला असतो. अपग्रेड करून देणारे पुष्कळ जण मशीन ग्राहकाच्या हातात देताना ते पळतंय असं दिसावं म्हणून हे करतात आणि जाताना परत फिरवत नाहीत.

यानंतर एसएसडीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर (एसएसडीच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का ते पाहा, आणि लॅपटॉपचा बायोसही (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर). झोपेतून उठताना गोंधळ घालणाऱ्या काही एसएसडींसाठी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मुद्दाम त्यांची खोल झोप बंद ठेवतो. लिनक्सवर बॅकअप अचानक पडला असेल तर तुमचं मॉडेल त्यातलं आहे का ते तपासा.

दुसरा संशयित: "असू दे, डेटासाठी" ठेवलेली जुनी हार्ड डिस्क

हा मला सगळ्यात जास्त वेळा सापडतो. एम.२ नावाच्या छोट्या खाचेत एसएसडी गेली, पण हार्ड डिस्क काढायचा जीव होत नाही. किंवा एसएसडी हार्ड डिस्कच्या जागी बसवली आणि हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) घातली. एक टीबी जागा मिळाली म्हणून माणूस खूश. फिरती अडीच इंची हार्ड डिस्क काम नसतानाही पाऊण-एक वॅट खाते आणि वाचता-लिहिताना दोनच्या आसपास जाते. बॅटरीवर दहा मिनिटांनी तिने थांबावं असं सेटिंग असतं, पण ती थांबते कुठे?

शेजारच्या मुलीचा लॅपटॉप हेच दुखणं घेऊन आला होता. ती सीएच्या आर्टिकलशिपला, दिवसभर क्लायंटकडे, आणि तिथं टेबलाजवळ प्लग मिळेलच असं नाही. बॅटरी रिपोर्ट छान होता, नव्वद टक्क्यांच्या वर. रिकाम्या मशीनचा खर्च मात्र ९.४ वॅट. कान लावला तर टचपॅडच्या उजवीकडून बारीक घरघर येत होती, मध्येच थांबायची, टक् असा आवाज, पुन्हा घरघर. हार्ड डिस्क थांबत होती आणि कुणीतरी तिला उठवत होतं. टास्क मॅनेजरच्या आत रिसोर्स मॉनिटर आहे, त्यात डिस्कचा भाग उघडल्यावर सापडलं: डाउनलोड आणि डॉक्युमेंट्सचे फोल्डर हार्ड डिस्कवर हलवलेले, वनड्राइव्हचं फोल्डरही तिथंच आणि विंडोजची शोधसूची तीच डिस्क चाळत बसलेली. वर हाय परफॉर्मन्स प्लॅन.

प्लॅन 'बॅलन्स्ड'वर आणला, लिंक स्टेट सुधारलं, तर आकडा ७.६ वर आला. डेटा एसएसडीवर घेऊन हार्ड डिस्क बाहेर काढली तेव्हा ५.७. त्या डिस्कला तीनशे-चारशे रुपयांचं यूएसबी खोकं मिळालं आणि ती आता फक्त बॅकअप घेताना जोडली जाते. नवी रॅम जागच्या जागीच आहे, जिच्यावर सगळं खापर फुटलं होतं.

डिस्क काढल्याचा आणखी एक फायदा काही मॉडेलांत होतो. एकाच मालिकेत दोन बॅटऱ्या निघालेल्या असतात, हार्ड डिस्कची खाच असलेल्यांसाठी लहान आणि खाच नसलेल्यांसाठी तीच जागा व्यापणारी मोठी. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलला ती चालते असं लिहिलं असेल तर बॅटरी बदलायच्या वेळी मोठी घ्या.

मग रॅमचं काय?

रॅम खाते, नाही असं नाही. डीडीआर४ चा एक जादा मोड्यूल रिकाम्या मशीनमध्ये बहुतेक वेळा एका वॅटच्या आतच राहतो. स्लीपमध्येही तिला जिवंत ठेवायला वीज लागते, म्हणून रात्रभरात टक्का-दोन टक्के जास्त उतरू शकतात. पण दुसरी बाजू बघा. चार जीबीवर क्रोमचे दहा टॅब उघडले की विंडोज सतत डिस्कवर अदलाबदल करत बसायचं, प्रोसेसर तापायचा, पंखा ओरडायचा. आठ किंवा सोळा जीबी झाल्यावर तीच कामं झटपट उरकतात आणि मशीन लवकर झोपतं. म्हणून मेमरी आधी खरंच अपुरी पडत होती तिथं रॅम वाढवल्यावर बॅकअप सुधारलेलाही दिसतो. उगाच बत्तीस जीबी घालून ठेवण्यात अर्थ नाही, एवढंच.

कोऱ्या विंडोजवर राहून गेलेले ड्रायव्हर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडाप्टरखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेलाच नाही आणि व्हिडिओ उलगडण्याचं सगळं काम प्रोसेसर करतोय. यूट्यूब लावलं की पंखा सुरू होण्याचं कारण अनेकदा हेच. चिपसेटचे (मदरबोर्डवरच्या चिपांचे) ड्रायव्हर तर सगळ्यात जास्त विसरले जातात, कारण त्यांच्यावाचून काही अडत नाही, फक्त वीज वाया जाते. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर घालून चिपसेट, ग्राफिक्स, वायफाय या क्रमाने ते टाका. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणाऱ्या फुकट्या सॉफ्टवेअरांच्या नादी लागू नका, ती स्वतःच मागे चालू राहून बॅटरी खातात.

ड्रायव्हर नीट असूनही यूट्यूबला जोर पडत असेल तर कदाचित व्हिडिओ एव्ही१ प्रकारात येतोय. इंटेलमध्ये तो हार्डवेअरने उलगडण्याची सोय अकराव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या मशीनवर यूट्यूबच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१ ची पसंती बदलून बघा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड, भारी पडदा

गेमिंग लॅपटॉपवाल्यांचं दुखणं निराळं. तिथं दोन ग्राफिक्स चिप असतात आणि काम नसताना मोठीने पूर्ण बंद राहायचं असतं. ती जागी राहिली तर पाच-दहा वॅट सहज जातात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जीपीयूची हालचाल दाखवणारं चिन्ह खालच्या पट्टीत आणता येतं, ते रंगीत दिसलं की त्यावर क्लिक करून कोणता प्रोग्राम तिला धरून बसलाय ते पाहा. चॅटिंगची ॲपं, वॉलपेपर हलवणारी सॉफ्टवेअरं, कीबोर्डचे दिवे सांभाळणारी सॉफ्टवेअरं, हे नेहमीचे पाहुणे. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावरच बॅटरी पडते? कित्येक लॅपटॉपांत एचडीएमआयची तार थेट मोठ्या चिपला गेलेली असते, त्यामुळे मॉनिटर लावला की ती उठणारच, इलाज नाही. आणि मक्स स्विच (पडदा कोणत्या चिपला जोडायचा ते ठरवणारा) असलेल्या मशीनमध्ये कुणी फक्त मोठ्या चिपवर चालण्याची निवड केली असेल तर ती परत हायब्रिडवर आणा.

पडद्याचा खर्च सगळ्यात मोठा आणि तरी लोक तो सोडून बाकी सगळीकडे शोधतात. १४४ हर्ट्झचा पॅनेल बॅटरीवर असताना ६० वर आणा, डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ते आहे. फुल एचडी काढून फोरकेचा पॅनेल बसवून घेणार असाल तर बॅकअप चांगलाच उतरेल हे गृहीत धरा. ओएलईडी पडद्यावर गडद रंगसंगतीने बचत होते, साध्या एलसीडीवर मागचा दिवा तेवढाच जळतो, त्यामुळे तिथं डार्क मोडचं कौतुक डोळ्यांपुरतं.

टचस्क्रीन, कीबोर्डचे दिवे, बदललेलं वायफाय कार्ड यांचा फरक किरकोळ. कायम खोचून ठेवलेला यूएसबी डोंगल किंवा टाइप-सी हब मात्र काढून एकदा वॅट बघाच.

बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम निघतो

'पॉवरसीएफजी /ए' असा हुकूम दिला की मशीनला कोणत्या झोपा येतात ते दिसतं. 'एस३' दिसलं तर ती जुनी, भरवशाची झोप. 'एस० लो पॉवर आयडल' दिसलं तर ती फोनसारखी अर्धवट झोप, आणि तीत नवी एसएसडी नीट निजली नाही तर सगळं मशीन बॅगेत जागं राहतं. 'पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी' कुणी जागवलं त्याची यादी देतं. दोषी हाती लागेपर्यंत झाकण बंद केल्यावर हायबरनेट होईल (सगळं डिस्कवर साठवून मशीन बंद पडेल) असं सेटिंग करून ठेवा. उघडायला काही सेकंद जास्त लागतील, पण पुण्याहून नागपूरला पोचेपर्यंत बॅटरी जिथल्या तिथं राहील.

बॅटरीच बदलायची असेल तर

टचपॅड दाबला जाईनासा झाला, खालचं झाकण फुगलं, लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर बाकी कुठलीही तपासणी न करता मशीन बंद करा आणि बॅटरी काढून घ्या. फुगलेल्या बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही.

विकत घेताना बाहेरून छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, स्टिकर कुणीही छापतं. जुन्या बॅटरीचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॅट-अवर जुळवा, छापील व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर यांचा गुणाकार छापील वॅट-अवरशी जुळतो का तेही करून बघा. बसवल्यावर पूर्ण चार्ज करा, एकदा दहा टक्क्यांपर्यंत उतरवा, पुन्हा पूर्ण चार्ज करा आणि बॅटरी रिपोर्ट काढा. फुल चार्ज कॅपॅसिटी डिझाइनच्या जवळ हवी. दोन्ही आकडे हुबेहूब एकच आणि कितीही दिवस गेले तरी तसूभर हलत नसतील, तर आतली चिप पाठ केलेलं बोलतेय. मग रिपोर्ट बाजूला ठेवा आणि शंभरावरून दहापर्यंत प्रत्यक्ष किती तास गेले ते घड्याळाने मोजून, सरासरी वॅटने गुणा आणि छापील वॅट-अवरच्या नव्वद टक्क्यांशी ताडून बघा. हिशेबात तीस टक्के खड्डा निघाला तर परत करण्याची मुदत संपण्याआधी ती दुकानात न्या, आणि रिपोर्टची प्रिंट सोबत ठेवा.